वाकडं तोंड

माणसाचं तोंड बघणं हेच थोरलीचं काम होतं. घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तिचा कवळ्या बनवायचा कारखाना होता. पुढच्या खोलीत खिडकीला लागून लांबलचक ओटा, त्यावर दोन स्पिरिटचे दिवे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, कोरण्या, आणि ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. मागच्या खोलीत प्लास्टर कालवायचं, मेणाच्या जागी प्लास्टिक भरून कवळ्या शिजवायच्या आणि घासून चकाकी आणायची. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवायचे, आणि दोघी बहिणी त्यावर दात बसवून परत पाठवायच्या. धंदा बाबांनी सुरू केलेला. बाबांचे हात थरथरायला लागले तसे ते वरच्या मजल्यावर आरामखुर्चीत जाऊन बसले आणि ओटा पोरींच्या ताब्यात आला.

थोरली धाकटीपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती आणि थोरली सतरा. तेव्हापासून वेणीफणी, शाळा, दुखणीखुपणी सगळं थोरलीनंच केलं. दोघींचीही लग्नं राहून गेली. थोरलीचं घरामुळे, आणि धाकटीचं, तिच्याच शब्दांत सांगायचं तर, आळसामुळे.

दात बसवायचं काम थोरलीचं. नाकाचा शेंडा, ओठांचा मध्य, हनुवटी, ह्या सगळ्यांची रेषा तिच्या डोळ्यांत आपोआप भरायची. बसमध्ये समोर बसलेल्या माणसाचं तोंड उजवीकडे केसभर कललेलं असलं तरी तिला कळायचं. धाकटी हिरड्या कोरायची. हे काम जास्त नाजूक. डॉक्टरलोक म्हणायचे, खोटे दात कुणीही बसवील, पण खोट्या हिरड्या खऱ्या वाटायला धाकटीचाच हात लागतो. ती मेणात बारीक शिरा काढायची, दाताच्या मुळाशी हलकासा फुगवटा ठेवायची, एखाद्या म्हातारीसाठी मुद्दाम एक दात इवलासा वाकडा बसव म्हणून थोरलीच्या मागे लागायची.

"अगं, नवऱ्यानं चाळीस वर्षं हिला वाकड्या दातासकट पाहिलंय. एकदम सरळ दात बघून दार उघडायचा नाही तो."

थोरलीला हसू यायचं, पण ती दाखवायची नाही. धाकटीला डोक्यावर चढवायचं काम बाबा करतच होते. धाकटी सकाळी उशिरा उठायची, कामाच्या मध्ये चार गोष्टी सांगायची, बिनदातांच्या आजोबांची बोबडी नक्कल करायची. काम मात्र वेळेत व्हायचं, कारण थोरली मागे लागायची. निदान थोरलीचा तसा समज होता.

त्या वर्षी डासांनी कहर केला. सगळी गल्ली तापानं फणफणली. घरटी एक तरी माणूस अंथरुणात. चिकुनगुन्या आहे, डॉक्टर म्हणाले, ताप जाईल, सांधे मात्र काही आठवडे छळतील. आधी थोरली पडली. पाच दिवस पडून राहिली, सहाव्या दिवशी बोटं सुजलेली असताना ओट्यावर येऊन बसली. मग धाकटी पडली. बाबांना काहीच झालं नाही. ते म्हणाले, "ह्या हाडांत डासाला मिळणार काय?"

धाकटी आठवड्यानं उठली. दोघींच्याही आजारपणात काम तुंबलं होतं. त्यांच्या सगळ्यात जुन्या ग्राहक म्हणजे डॉक्टरीणबाई. त्यांनी एका वृद्धाश्रमात शिबिर घेतलं होतं आणि बावीस जणांचे साचे एकदम पाठवले होते. महिनाअखेरीस द्यायचं ठरलं होतं. थोरलीनं आयुष्यात दिलेला शब्द मोडला नव्हता. तिनं बावीस नावांची यादी खिडकीशेजारी चिकटवली आणि कंबर कसली.

एका मंगळवारी सकाळी धाकटी म्हणाली, "ताई, पायांना मुंग्या आल्यात. उठल्यापासून जातच नाहीयेत."

"बसून बसून येतात. चार पावलं चाल."

"चालले की. चालले तरी आहेत."

"मग त्यांनाही कामाला लाव," थोरली म्हणाली. धाकटी हसली आणि विषय तिथंच राहिला.

दोन दिवसांनी धाकटी जिना चढताना कठडा दोन्ही हातांनी धरायला लागली. बाबांनी वरून पाहिलं आणि विचारलं, तेव्हा म्हणाली, पाय जड झालेत, कुणीतरी वाळूची पोती बांधलीत जणू. थोरलीच्याही गुडघ्यांत कळा येत होत्या. तीही जिना चढतच होती. सगळी गल्ली लंगडत चालत होती. समोरचा शिंपी, कोपऱ्यावरचा दुकानदार, दूधवाला. त्यात धाकटीचं एवढं काय?

शनिवारी धाकटीच्या हातातून कोरणी पडली. तिनं उचलली, पुन्हा पडली.

"ताई, हातात धरलंय असं वाटतच नाही गं."

थोरलीनं आपली सुजलेली बोटं तिच्यासमोर धरली. "ही बघ. मूठ वळत नाही माझी. तरी सकाळपासून चार जबड्यांना दात लावले. दुखतं तर सगळ्यांचंच दुखतंय."

"तेच तर सांगतेय. दुखत नाहीये. हाताला कळतच नाहीये."

थोरलीनं 'दुखत नाहीये' एवढंच ऐकलं. पुढचं वाक्य तिच्या कानांत शिरलंच नाही.

"डॉक्टरांना दाखवून येऊ का?" धाकटीनं विचारलं.

"आठवड्यानं माल गेला की जाऊ दोघी. आत्ता दवाखान्यात गेलीस तर दिवस रांगेत जाईल. आणि ते सांगणार काय, तर आराम करा."

धाकटी चौतीस वर्षांची होती. उठून एकटी जाऊ शकली असती. पण त्या घरात कुणी कधी दवाखान्यात जायचं, हे आजवर थोरलीनंच ठरवलं होतं.

आठव्या दिवशी, पुढच्या मंगळवारी, चहा पिताना धाकटीच्या तोंडातून चहा ओघळला. तिनं पदरानं पुसला. परत ओघळला. बाबा खुर्चीतून पुढं वाकले.

"मोठे, हिचं तोंड बघ गं जरा. काहीतरी वेगळंच दिसतंय."

थोरली जिन्याच्या दाराशी उभी होती, खाली प्लास्टर घट्ट होत होतं. "तुमचं शेंडेफळ आहे, तुम्हीच बघा," ती म्हणाली आणि खाली गेली.

चहा झाल्यावर धाकटीही खाली येऊन कामाला बसली. दुपार झाली. शेवटच्या नऊ कवळ्या राहिल्या होत्या. धाकटीच्या पुढ्यात एक कवळी होती, थोरलीनं सकाळी दोन तास खपून दात लावलेली. धाकटीनं सुरी दिव्यावर तापवली, मेणाला लावली, आणि हात घसरला. पुढचे सहाच्या सहा दात मेणासकट निघून ओट्यावर पडले.

"डोळे फुटले का तुझे?" थोरली ओरडली. "आठ दिवस बघतेय! हे पडतंय, ते पडतंय! नको असेल काम तर तसं सांग!"

धाकटीनं तिच्याकडे वळून पाहिलं. ओठांची एक बाजू वर ओढलेली, दुसरी जागच्या जागी. एक डोळा बारीक झालेला, दुसरा तसाच टक्क उघडा. थोरलीला त्यात एकच गोष्ट दिसली, ही आपल्याला हसतेय.

"वर दात काढतेस? काम सांगितलं की तोंड वाकडं! लहानपणापासून तेच!"

धाकटी काहीतरी बोलली. शब्द जाड, ओले, अर्धवट होते. 'प' आणि 'ब' ओठांत न जुळता सुटून जात होते. अगदी बिनदातांच्या आजोबांसारखं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नकला कर, नकला! आईनं तुला माझ्या गळ्यात बांधलं नसतं ना, तर मी पण माणसासारखी जगले असते."

असं ती आधी कधी म्हणाली नव्हती. मनात आलं नव्हतं असं नाही. धाकटी ओट्याला धरून उठली आणि मागच्या दारानं जिन्याकडे गेली. पायऱ्यांवर पावलं वाजली नाहीत, काहीतरी घासत गेल्यासारखा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला. थोरलीनं दिव्याची वात वर केली आणि ते सहा दात एकेक उचलून पुन्हा लावायला बसली. धाकटी त्या दिवशी पायरीवर बसून, पाठमोरी, हातांनी अंग वर ढकलत एकेक पायरी चढली होती. हे थोरलीला बाबांनी सांगितलं, नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी उठली नाही. थोरलीला वाटलं, रुसलीय. नऊ वाजता बाबांची हाक आली, आणि हाक अशी होती की थोरली हातातलं प्लास्टरचं भांडं टाकून धावली.

धाकटी उताणी पडली होती. कूस बदलता येत नव्हती. बाबांनी पाणी पाजायला पाहिलं होतं, ते नाकातून बाहेर आलं होतं. श्वास अगदी वरवरचा, जिना धावत चढल्यासारखा. डोळे मात्र स्वच्छ, जागे होते आणि थोरलीकडे लागले होते. खिडकीतून ऊन थेट तोंडावर येत होतं. त्या उजेडात थोरलीनं ते तोंड पाहिलं. डाव्या गालाची सुरकुती पार पुसली गेली होती. ओठांचा मध्य बोटभर सरकलेला होता. आता तर उजवी बाजूही सैल पडायला लागली होती. रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या तोंडावर तिनं हे दहा पावलांवरून ओळखलं असतं.

समोरच्या शिंप्यानं गाडी काढली. दोघांनी धाकटीला चादरीत घालून खाली आणलं.

दवाखान्यात मेंदू आणि नसांचे डॉक्टर आले. तरुण होते, घाईत नव्हते. त्यांनी धाकटीच्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली, घोट्यावर, कोपरावर. काहीच हललं नाही. मग त्यांनी थोरलीला विचारलं, "हे कधीपासून आहे?"

"काल-परवापासून," थोरली म्हणाली.

का म्हणाली, ते तिला पुढं कितीदा तरी विचारून पाहिल्यावरही कळलं नाही. तोंडातून निघून गेलं. डॉक्टर लिहायला लागले.

खाटेवरून आवाज आला. अगदी बारीक, पण स्पष्ट. "नऊ."

डॉक्टर वाकले. "काय म्हणालात?"

"नऊ... दिवस."

डॉक्टरांनी मान वर करून थोरलीकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, नुसता प्रश्न होता. थोरलीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"हो," ती म्हणाली. "नऊच. पायाला मुंग्या येतात म्हणाली होती. मग हातातून वस्तू पडायला लागल्या. काल तोंड... काल तोंडही."

डॉक्टरांनी आधीचं खोडलं आणि नव्यानं लिहिलं.

बाहेर बाकावर बसवून त्यांनी तिला समजावून सांगितलं. ताप डासातून आलेल्या विषाणूचा होता, तो गेला. पण त्याच्याशी लढायला शरीरानं जी फौज उभी केली, ती चुकून स्वतःच्याच नसांवर उलटली. नसांवरचं आवरण ती खातेय. पायांपासून सुरू होतं आणि वर चढत जातं. जीबीएस म्हणतात ह्याला. फार थोड्यांना होतं, पण होतं. आता श्वासाच्या स्नायूंपर्यंत आलंय, म्हणून मशीन लावावं लागेल.

"आधी आणलं असतं तर?" थोरलीनं विचारलं.

"नक्की नाही सांगता येत. औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं. पण काही जण दुसऱ्या दिवशी येतात तरी मशीनवर जातात."

'हो' म्हणाले असते तर तिला रडता आलं असतं. 'नाही' म्हणाले असते तर सुटता आलं असतं. त्यांनी खरं सांगितलं, आणि खऱ्यात तिला कुठंच पाय ठेवायला जागा मिळाली नाही.

सव्वीस दिवस धाकटी मशीनवर होती. घशात नळी, हातात सुया, पापण्या मिटत नाहीत म्हणून डोळ्यांवर चिकटपट्टी. सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं थोरलीला आत सोडायचे. तिथल्या परिचारिकेनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "बोलत राहा. ह्यांना सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. फक्त हलता येत नाही." ऐकून धीर यायला हवा होता. थोरलीला मात्र आपलंच बोलणं आठवलं. म्हणजे मंगळवारी दुपारीही सगळं कळत होतं.

चिकटपट्टी काढली की धाकटी बुबुळं वर करायची, म्हणजे 'हो'. खाली केली की 'नाही'. थोरली विचारायची, दुखतंय का? थंडी वाजतेय का? बाबांना आणू का? एक प्रश्न मात्र रोज जिभेवर यायचा आणि ती गिळून टाकायची. ज्याला फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणता येतं, त्याच्याकडे माफी मागणं म्हणजे त्याला कोपऱ्यात गाठणं. एवढं तिला कळत होतं.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. थोरली हात जोडून म्हणाली, "बाई, तेरा झाल्यात. नऊ राहिल्या. शब्द मोडला माझा."

"वेडी आहेस का तू?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते आजी-आजोबा तीन वर्षं बिनदातांचे राहिलेत. अजून महिनाभर राहतील. मी तारीख अशीच, अंदाजानं दिली होती. मला एक फोन करायचा नाहीस?"

फोन ओट्याच्या टोकालाच असायचा.

पालिकेची आरोग्य सेविका गल्लीत फिरत फिरत त्यांच्याकडे आली. थोरलीनं स्वतः तिला मागच्या अंगणात नेलं. प्लास्टरचा गाळ खाली बसावा म्हणून तिथं एक पिंप ठेवलेलं असे, वर नितळ पाणी साचायचं. थोरलीची खात्री होती की डासांच्या अळ्या तिथंच सापडणार. सेविकेनं बॅटरी मारून तळापर्यंत पाहिलं.

"ह्यात काही नाही. चुन्यासारखं पाणी आहे, ह्यात कुठलं होतंय? तुमचं अंगण स्वच्छ आहे, ताई."

ती गेल्यावर थोरली पिंपाजवळ कितीतरी वेळ उभी राहिली. अळ्या सापडल्या असत्या तर बरं झालं असतं. पिंप उपडं करता येतं, घासता येतं, उन्हात टाकता येतं.

धाकटी परत आली ती थेंबाथेंबानं. आधी मान हलली. मग खांदा. नळी निघाली तेव्हा आवाज घोगरा, पण तिचाच. तिचं पहिलं वाक्य परिचारिकेला होतं, "तुमचा रेडिओ फार भंगार गाणी लावतो." सगळे हसले. थोरली दाराशी उभी होती. ती बाहेर गेली आणि पायऱ्यांवर बसून रडली.

पाच महिन्यांनी धाकटी काठी टेकत घरी आली. डॉक्टर म्हणाले, खूप चांगली सुधारणा आहे, अजून वर्षभर होत राहील. चेहऱ्याची उजवी बाजू पूर्ण परत आली होती, डावी निम्मीशी. बोटांची ताकद येत होती, पण शेंड्यांचं भान काही येत नव्हतं. डोळे मिटून हातात बटण दिलं तर ते बटण आहे की खडा, हे तिला सांगता येत नव्हतं.

एक दिवस ती खाली आली, आपल्या जागेवर बसली, दिवा पेटवला आणि कोरणी घेतली. थोरलीनं मेणाची एक कवळी पुढं सरकवली. धाकटीनं अर्धा तास काम केलं. मग दोघींनी ते पाहिलं. हिरड्या उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसत होत्या.

"हं," धाकटी म्हणाली. "हे गेलं." तिनं कोरणी पुसली आणि जागेवर ठेवली.

"येईल गं. डॉक्टर म्हणालेत वर्षभर..."

"ताई, मला माझा हात माहीत आहे."

त्यानंतर थोरलीनं तिला काही म्हणजे काही करू दिलं नाही. शर्टाची बटणं लाव, काठी जवळ ठेव, पाणी कोमट कर. धाकटी चमचा उचलायची तेव्हा थोरलीचा घास हातातच राहायचा. जिन्यावर ती दोन पायऱ्या मागे हात पसरून चालायची. सकाळी उठल्या उठल्या धाकटीच्या खोलीत जायची आणि उजेडात तिचं तोंड न्याहाळायची. आज डावा कोपरा जरा वर आलाय का? पापणी पूर्ण मिटते का? बाबा काही म्हणायचे नाहीत. 'मी सांगितलं होतं' असं त्यांनी एकदा जरी म्हटलं असतं तरी थोरलीला हलकं वाटलं असतं. ते फक्त पेपर डोळ्यांसमोर धरायचे.

एका दुपारी जेवण झाल्यावर बाबा झोपले होते. धाकटी टेबलावर हात ठेवून बोटांचे व्यायाम करत होती, रबरी चेंडू दाबत होती. थोरली ताटं उचलता उचलता थांबली.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

धाकटीनं चेंडू दाबणं थांबवलं नाही. "काय काय?"

थोरलीला वाटलं होतं, ती 'जाऊ दे गं' म्हणेल. ती खुर्चीत बसली आणि तिनं सगळं सांगितलं. मुंग्यांचं. डॉक्टरांकडे नेलं नाही ते. मंगळवारचं. दवाखान्यात खोटं बोलले ते.

"त्या दिवशी मी हसत नव्हते," धाकटी म्हणाली. "घाबरले होते. ताई, माझं तोंड हलत नाहीये, असं सांगत होते तुला."

"मला वाटलं, नक्कल..."

"माहीत आहे. तसंच वाटणार. मी आयुष्यभर नकलाच केल्यात." तिनं चेंडू दुसऱ्या हातात घेतला. "तुला एक सांगू? मलाही वाटलं होतं, माझं नाटकच असेल. ताई म्हणतेय म्हणजे असेल. तुलाही ताप आला होता, तू बसत होतीस. मी रोज सकाळी उठून स्वतःला शिव्या घालायचे, आळशी कुठली म्हणून."

थोरलीनं तोंडावर हात दाबला. ह्याचा तिनं कधी विचारच केला नव्हता.

"आणि आईचं म्हणालीस ते..." धाकटीनं चेंडू खाली ठेवला. "ते खरं होतं का?"

खोटं बोलायची ही दुसरी संधी होती. थोरलीनं ती घेतली नाही.

"कधी कधी," ती म्हणाली.

धाकटीनं मान हलवली. खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं.

"माफ केलंय गं मी तुला," धाकटी म्हणाली. "खरंच केलंय, मशीनवर असतानाच. तिथं दुसरं काम काय होतं? पण तुझ्याशेजारी मला आता राहता येत नाही."

"असं काय बोलतेस?"

"तू माझ्याकडे बघतेस तेव्हा माझं तोंड मोजत असतेस. सकाळी, जेवताना, बोलताना. मी काहीतरी गंमत सांगते, तर तू डावा कोपरा बघतेस. नऊ दिवस तू बघितलंच नाहीस, आणि आता तू दुसरं काही बघतच नाहीस. मी आहे ना अजून इथं, ताई. त्या कोपऱ्यापलीकडे बाकीची मी आहे."

थोरलीनं नजर खाली घातली.

धाकटीनं आपलं आपणच ठरवलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात एक जागा होती. नवीन कवळी हवी असणाऱ्यांशी बसून बोलायचं, जुने फोटो बघायचे, दातांची छटा आणि आकार निवडायचा, चिठ्ठी लिहायची. ह्याला डोळे आणि तोंड लागतं, धाकटी म्हणाली, आणि निम्मं तोंडही पुरतं. दवाखान्याच्या मागं एक खोली होती, जिना नसलेली. पंधरा दिवसांनी ती तिकडं राहायला गेली. बाबा म्हणाले, "जाऊ दे तिला." आणि आपली आरामखुर्चीची उशी तिच्या सामानात घातली.

थोरलीनं हिरड्या कोरायला एक बाई कामावर ठेवली. चांगली, मेहनती बाई. पहिल्या महिन्यात ती एकदा म्हणाली, मान अवघडलीय, तर थोरलीनं तिला हाताला धरून रिक्षात घातलं आणि थेट दवाखान्यात नेलं. उशी उंच झाली होती, एवढंच निघालं. बाई गल्लीभर हसत सांगत सुटली. थोरलीला त्याचं काही वाटलं नाही. पुन्हा अवघडली असती तर पुन्हा नेलं असतं.

आता दर आठवड्याला धाकटीच्या चिठ्ठ्या येतात. अक्षर मोठं, पहिलीतल्या पोरासारखं. 'वरचे पटाशीचे दोन दात थोडे झिजलेले ठेवा. बाई सुपारी कातरायच्या.' 'ह्यांचं हसू डावीकडून सुरू होतं, तिकडचा सुळा दिसू द्या.' थोरली तंतोतंत तसं करते. रविवारी धाकटी बाबांना भेटायला येते, तासभर बसते, गल्लीतल्या सगळ्यांची विचारपूस करते. दोघी नीट बोलतात. भांडत नाहीत. पूर्वी दिवसातून चारदा भांडायच्या.

मागच्या महिन्यात तयार कवळ्या घेऊन थोरली स्वतःच दवाखान्यात गेली. एरवी पार्सल पाठवते. धाकटीच्या खोलीला काचेचं दार आहे. आत एक म्हातारेबुवा बसले होते, तोंडात एकही दात नाही, आणि धाकटी त्यांना काहीतरी सांगत होती. हातवारे करून, काठी भिंतीला टेकवलेली. मग ती हसली. तोंड एका बाजूला गेलं, डावा डोळा अर्धाच मिटला, आणि तिनं ते हातानं झाकलं नाही. म्हातारेबुवाही नुसत्या हिरड्या दाखवत खदखदा हसत होते.

थोरली दाराशी उभी राहिली. हातात दाराची मूठ होती. मग तिनं पार्सल बाहेरच्या टेबलावर ठेवलं, सही केली आणि घरी आली.

संध्याकाळी फोन वाजला.

"ताई, तू आली होतीस म्हणे. आत का नाही आलीस?"

"तुम्ही हसत होतात."

"मग यायचं होतं की. तुलाही सांगितलं असतं."

"पुढच्या वेळी येईन," थोरली म्हणाली.

"ये," धाकटी म्हणाली. मग तिनं बाबांच्या खोकल्याचं विचारलं. थोरलीनं सांगितलं, कमी आहे. फोन ठेवून ती ओट्यापाशी आली. एक खालचा जबडा उद्या सकाळी द्यायचा होता, त्याला दात लावायचे होते. तिनं मेण तापवलं.